बोटीच्या तळाशी बसविलेला कान

गॅसची शेगडी पेटविण्यासाठी आपण ज्या लायटरचा खटका दाबतो, त्याच्या नळीत चिनीमातीसारखा दिसणारा एक लहानसा तुकडा दडलेला असतो. खटक्याचा आघात त्यावर झाला की क्षणभर हजारो व्होल्टचा विद्युत्‌दाब निर्माण होतो आणि ठिणगी उडते. या घरगुती तुकड्याचा सख्खा भाऊ आज आपल्या किनाऱ्यावरील असंख्य मासेमारी होड्यांच्या तळाशी बसलेला आहे. त्याला ठिणगी पाडावयाची नसते. त्याचे काम बोलण्याचे आणि ऐकण्याचे.

काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्यात वीज उत्पन्न होते, हे पिएर आणि झाक क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. याच्या उलट, अशा स्फटिकाला वीज दिली तर तो आकुंचन-प्रसरण पावतो, म्हणजेच कंप पावतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्याच्या निकडीतून पोल लांजव्हँ या फ्रेंच पदार्थविज्ञानवेत्त्याने क्वार्ट्झचे असे स्फटिक पाण्यात वापरून पाहिले. पुढे क्वार्ट्झची जागा मानवनिर्मित सिरॅमिक पदार्थांनी घेतली, आणि १९४८ साली जपानमध्ये फुरुनो बंधूंनी माशांचे थवे दाखविणारे यंत्र बाजारात आणले. युद्धातील विद्या कोळ्याच्या हाती आली ती अशी.

या यंत्राची रीत सोपी आहे. तळाशी बसविलेला स्फटिक पाण्यात ध्वनीचा एक अतिशय अल्पकाळाचा ठोका सोडतो. तो समुद्राच्या तळावर आदळून परत येतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक. ठोका सोडल्यापासून प्रतिध्वनी येईपर्यंत सेकंदाचा एक दशांश भाग गेला, तर ध्वनीने जाऊन-येऊन दीडशे मीटर अंतर कापले आणि तळ पंचाहत्तर मीटरवर आहे, असा हिशेब होतो. पूर्वी हेच काम शिशाचे वजन बांधलेल्या दोराने होत असे. दोन्ही हात पसरून मापलेली लांबी ती एक वाव. तांडेल वावांवर खोली मोजी आणि वजनाच्या बुडाला लावलेल्या मेणाला वा चरबीला वाळू चिकटते की चिखल, यावरून तळाची जात ओळखी. ते ज्ञान कमी दर्जाचे होते असे मुळीच नाही. परंतु एक वेळ दोर सोडून ओढून घेईपर्यंत होडी खडकावर जाऊ शकते. ध्वनीचा दोर मात्र सेकंदात अनेकदा सोडता येतो.

बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या या भागाला ट्रान्सड्यूसर म्हणतात. ‘ऊर्जापरिवर्तक’ हा त्याचा पारिभाषिक प्रतिशब्द अर्थाच्या दृष्टीने निर्दोष आहे. तथापि मुंबईच्या ससून डॉकवर किंवा वेरावळच्या बंदरावर जाऊन कोणी ‘ऊर्जापरिवर्तक द्या’ म्हणाला, तर दुकानदार त्याला बहुधा वीज कचेरीचा रस्ता दाखवील. म्हणून या लेखात बंदरावर चालेल असाच शब्द ठेवला आहे.

खोलीमापक किंवा मासे शोधणारे यंत्र विकत घेताना कुटुंबात जी चर्चा होते, ती बहुतेक पडद्याविषयी असते. पडदा किती इंचांचा, रंग किती, नकाशा दिसतो की नाही. वस्तुतः पडदा हे केवळ तोंड आहे. यंत्राला ऐकू काय येते, हे तळाशी बसलेल्या कानावर अवलंबून असते, आणि तो कान कोणता व कसा बसवावा, हे होडी कशाची बनविली आहे यावरून ठरते. चुकीची निवड झाली तर पडद्यावर खोटी खोली दिसते, एवढ्यावरच भागत नाही. काही निवडी अशा आहेत की त्या होडीच्या तळाला हळूहळू भोक पाडतात.

हा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा होण्याचे कारण म्हणजे दोन-तीन पिढ्यांत आपल्या होड्यांचे शरीरच बदलले आहे. १९५२ साली संयुक्त राष्ट्रसंघ, नॉर्वे आणि भारत यांच्यात करार झाला आणि पुढील वर्षी आजच्या केरळात, कोल्लमजवळच्या नीण्डकरा येथे, यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला. त्या काळच्या होड्या लाकडाच्या होत्या. १९५७ साली कोची येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. होड्यांचे आराखडे आणि त्यांना लागणारे साहित्य हे आरंभापासून तिच्या अभ्यासाचे विषय. नंतरच्या दशकांत काचतंतू आणि रेझिन यांच्या मिश्रणाने बनविलेली होडी, जिला किनाऱ्यावर सगळीकडे नुसते ‘फायबर’ म्हणतात, हळूहळू पसरली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील असंख्य कट्टुमरम्‌ नष्ट झाले, तेव्हा भरपाई म्हणून आलेल्या होड्यांत फायबरच्या होड्यांचा भरणा मोठा होता. कर्नाटक आणि केरळ येथील मोठे ट्रॉलर आता पोलादाचे बनू लागले आहेत. कच्छमधील मांडवी आणि केरळातील बेपूर येथे लाकडी गलबते बांधण्याची परंपरा अद्याप टिकून आहे. एकाच बंदरात लाकूड, फायबर आणि पोलाद शेजारी-शेजारी नांगरलेले दिसतात. अशा वेळी शेजाऱ्याने जे बसविले तेच आपणही बसविले, हा नेहमीचा न्याय येथे उपयोगी पडत नाही. कारण शेजाऱ्याची होडी आपल्या होडीच्या जातीची असेलच असे नाही.

आता ध्वनी कशातून जातो आणि कशाला अडतो, ते पाहू. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनी जवळजवळ संपूर्ण परत फिरतो. सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर थंडगार जेली लावतात, ती याच कारणासाठी. कातडी आणि उपकरण यांच्यामध्ये हवेचा पातळ पापुद्रा जरी राहिला, तरी ध्वनी शरीरात शिरत नाही. जेली त्या हवेला बाहेर घालविते. गंमत अशी की, यंत्राला मासा दिसतो तोही हवेमुळेच. पुष्कळ माशांच्या शरीरात हवेची एक पिशवी असते, आणि मांसापेक्षा त्या पिशवीवरूनच ध्वनी जोराने परततो. म्हणजे जी हवा माशाच्या पोटात असताना कोळ्याला उपकारक ठरते, तीच ट्रान्सड्यूसर आणि समुद्र यांच्या मध्ये आली की यंत्र आंधळे होते. होडीच्या निरनिराळ्या पदार्थांचा विचार करताना हा एक नियम मनात ठेवला, तर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

ट्रान्सड्यूसर बसविण्याच्या मुख्य पद्धती तीन. तळाला आरपार भोक पाडून त्यातून तो पाण्यात काढणे, ही पहिली. भोक न पाडता होडीच्या आतूनच तळाला चिकटविणे आणि ध्वनीला तळातून आरपार पाठविणे, ही दुसरी. होडीच्या मागच्या सपाट फळीला, पाण्याखाली येईल असा बाहेरून अडकविणे, ही तिसरी. धरणाच्या जलाशयात फिरणाऱ्या लहान होड्यांना ती सोयीची. भोक पाडावयाचे म्हटले की होडीच्या मालकाच्या काळजाचा ठोका चुकतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून दुसरी पद्धत ऐकताच सर्वांना आवडते. परंतु ती सर्व होड्यांना लागू पडत नाही.

लाकडाला तर ती मुळीच लागू पडत नाही. साग असो वा केरळातील अंजिली असो, लाकडाच्या तंतूंमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. आतून सोडलेला ध्वनी त्या पोकळ्यांत विखरून जातो. समुद्रापर्यंत पोचतच नाही. लाकडी होडीला भोक पाडावयास हवे, त्याला इलाज नाही. मग प्रश्न येतो तो ट्रान्सड्यूसरच्या आवरणाचा. हे आवरण प्लास्टिकचे, ब्राँझचे किंवा स्टेनलेस स्टीलचे मिळते. प्लास्टिक स्वस्त असते, म्हणून मोह होतो. परंतु लाकूड हा जिवंत असल्यासारखा वागणारा पदार्थ आहे. महिना-दोन महिने किनाऱ्यावर सुकलेली होडी पाण्यात उतरविली की तिच्या फळ्या पाणी पिऊन फुगतात. आपल्या जुन्या सुतारांनी तर या फुगण्याचाच उपयोग करून घेतला; सांध्यांत ठोकलेला कापूस फुगलेल्या फळ्यांनी आवळला जातो आणि होडी जलाभेद्य होते. हेच फुगणारे लाकूड भोकात बसविलेल्या प्लास्टिकच्या नळीला चोहोबाजूंनी आवळते, आणि ती तडकू शकते. ही तडक पाण्याच्या पातळीखाली, कोणाला न दिसणाऱ्या जागी पडते. म्हणून लाकडी होडीला ब्राँझचे आवरण, हा नियम. ब्राँझ तो दाब सहज सोसते आणि खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ टिकते. मात्र आपल्या लाकडी होड्यांत लोखंडी खिळे आणि बोल्ट असतात. ब्राँझचा त्यांना स्पर्श होऊ नये अशी जागा निवडावी. त्याचे कारण पुढे येईल.

भोकाची भीती अनाठायी नाही, हे आकड्यांत सांगता येते. नेहमीच्या ट्रान्सड्यूसरच्या नळीला सुमारे पन्नास मिलिमीटर व्यासाचे भोक लागते. ते पाण्याच्या पातळीखाली साठ सेंटिमीटरवर असले आणि काही कारणाने पूर्ण उघडे पडले, तर त्यातून मिनिटाला सुमारे २४० लिटर पाणी आत येते. दोनशे लिटरचे पिंप मिनिटभरही लागू न देता भरते. हाताने उपसणाऱ्या दोन माणसांना एवढे पाणी आवरणे कठीण. म्हणून होडीत त्या मापाची एक लाकडी खुंटी दोरीने बांधून भोकाजवळच ठेवावी, असे जाणते लोक सांगतात. तिची किंमत काहीच नाही.

फायबरची होडी ही या बाबतीत सर्वांत उदार. काचतंतूंचे थर रेझिनमध्ये नीट भिजवून, हवेचे बुडबुडे रूळ फिरवून काढून टाकले असतील, तर तयार होणाऱ्या सलग कवचातून ध्वनी चांगला जातो. तेथे आतून चिकटविण्याची पद्धत खरोखर चालते. भोक पाडावयाचेच असेल तर प्लास्टिक, ब्राँझ, स्टेनलेस स्टील यांपैकी कोणतेही आवरण चालते, कारण फायबर फुगत नाही आणि वीजही वाहून नेत नाही.

परंतु ‘फायबर’ हा शब्द बंदरावर फार सैल वापरला जातो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसगत येथेच होते. केरळाच्या किनाऱ्यावर मरीन प्लायवूडच्या होड्या पुष्कळ आहेत. त्यांना बाहेरून काचतंतू-रेझिनचे आवरण दिलेले असते आणि वर रंग. जुन्या लाकडी होडीलाही तिचे आयुष्य वाढावे म्हणून असेच आवरण देतात. पाहणाऱ्याला ती फायबरचीच होडी वाटते. विकणाराही तिला फायबर म्हणूनच विकतो. ध्वनीच्या दृष्टीने मात्र ती लाकडी होडी होय. प्लायवूडच्या थरांतील हवा तशीच असते. आतून चिकटविलेल्या ट्रान्सड्यूसरला तेथे काहीच ऐकू येणार नाही, आणि मालक मात्र यंत्र बिघडलेले निघाले म्हणून दुकानदाराशी भांडत बसेल. उलट, विहारनौका व वेगवान बोटी यांच्यात दोन पातळ फायबरी कवचांच्या मध्ये बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा किंवा फोमचा गाभा घातलेला असतो. बोट हलकी आणि ताठ व्हावी, हा त्याचा हेतू. या गाभ्यातही हवाच असते. अशा बोटीत आतून ऐकावयाचे तर त्या जागेपुरते आतील कवच व गाभा काढून टाकावा लागतो. आरपार भोक पाडावयाचे असेल तर आणखी जपावे लागते. भोकाच्या कडेला गाभा उघडा राहिला, तर पाणी झिरपून आत पसरते, बाल्सा कुजतो आणि वरून धडधाकट दिसणारा तळ आतून पोकळ होतो. म्हणून भोकाच्या भोवतालचा गाभा कोरून काढून ती जागा इपॉक्सीने भरून घ्यावी, ती वाळून घट्ट झाल्यावरच मधोमध भोक पाडावे. कारागीर घाईत असला की हा मधला दिवस वाचवू पाहतो. तो वाचवू देऊ नये.

होडी नेमकी कशाची आहे हे मालकालाच ठाऊक नसेल तर काय करावे? बांधणाऱ्याला विचारणे हा पहिला मार्ग. दुसरी एक युक्ती अशी की, होडी पाण्यात असताना, साध्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर ठेवावा, पिशवीतील हवा घालवून तोंड घट्ट बांधावे, आतील तळाची जागा घासून स्वच्छ व ओली करावी आणि पिशवी तेथे दाबून धरावी. आधी ट्रान्सड्यूसर होडीबाहेर पाण्यात धरून घेतलेला आकडा आणि आता आतून मिळालेला आकडा जुळला, तर तळ सलग आहे आणि आतून बसविण्याची पद्धत चालेल. आकडा आलाच नाही, किंवा चंचल आला, तर जागा बदलून पाहावी. तीन-चार ठिकाणी तेच झाले तर आशा सोडावी. ही परीक्षा बंदराच्या उथळ पाण्यात न घेता, ज्या खोलीवर नेहमी मासेमारी करावयाची तेथे घेतली तर बरे. कारण जाड तळातून जाता-येता ध्वनीचा जो ऱ्हास होतो, तो उथळ पाण्यात जाणवत नाही. आतून बसविलेल्या ट्रान्सड्यूसरला पाण्याचे तापमान कळत नाही, एवढी उणीव मात्र राहतेच.

आता धातूंच्या बोटी. पोलादाच्या पृष्ठावर पाण्यातून ध्वनी आदळला तर त्याच्या शक्तीचा सुमारे आठवा हिस्साच आत शिरतो, आणि दुसऱ्या पृष्ठातून बाहेर पडताना पुन्हा तेच. म्हणून साध्या यंत्रांच्या बाबतीत आतून ऐकण्याचा विचार पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यासाठी सोडून द्यावा. भोक पाडणे आलेच. येथे खरा धोका ध्वनीचा नसून रसायनाचा आहे.

लोखंडी पाइपाला पितळेची तोटी बसविली तर काही वर्षांनी काय होते, हे पुष्कळ घरांत दिसते. पितळ चकचकीत राहते आणि सांध्याजवळचे लोखंडी आटे गंजून जातात. दोन भिन्न धातू एकमेकींना चिकटून पाण्यात राहिल्या की त्यांची नकळत एक विद्युत्‌घटमाला तयार होते, आणि त्यांतील ‘दुबळी’ धातू झिजत जाते. समुद्राच्या पाण्यात मीठ असल्याने ही क्रिया फार वेगाने चालते. या दृष्टीने ब्राँझ बळकट, पोलाद दुबळे आणि ॲल्युमिनियम त्याहूनही दुबळे. ॲल्युमिनियमच्या बोटीच्या तळात ब्राँझचा ट्रान्सड्यूसर बसविणे म्हणजे त्या भोकाभोवतालच्या पत्र्याला रोज थोडे थोडे खावयास सांगणे होय. ट्रान्सड्यूसर शाबूत राहील. ज्यात तो बसविला तो पत्रा राहणार नाही.

हे ज्ञान आरमारांना फार महाग पडून मिळाले आहे. लाकडी जहाजांच्या तळाला किडे पोखरू नयेत म्हणून तांब्याचा पत्रा मढविण्याचा प्रयोग ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेवर केला. दोन वर्षांनी, १७६३ मध्ये, तिची तपासणी झाली तेव्हा तांबे ठिकठिकाणी सुटलेले आढळले, कारण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे गंजून खलास झाले होते. परंतु काही खिळे चांगल्या स्थितीत होते. बारकाईने पाहता असे दिसले की, तांब्याचे पत्रे ज्या जाड तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी न काढताच राहून गेला होता, आणि जेथे तो खिळा आणि तांबे यांच्या मध्ये अडकला, तेथे खिळा वाचला होता. विजेच्या घटमालेचा शोध लागण्याला तेव्हा अजून तीन तपांहून अधिक काळ होता. कारागिराच्या आळसाने शास्त्राला एवढा स्पष्ट पुरावा क्वचितच पुरविला असेल. पुढे १८२४ साली सर हम्फ्री डेव्ही यांनी उलटा विचार केला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर झिजेल तो तुकडा आणि तांबे वाचेल. आज पोलादी बोटींच्या तळाला, विशेषतः पंख्याजवळ, जस्ताच्या वड्या बसवितात त्या याच तत्त्वावर. ब्राँझचा पंखा पोलादी बोटीला चालतो तो त्या वड्या स्वतः झिजून बोट राखतात म्हणून. आपल्या न्हाणीघरातील साठवणीच्या गीझरमध्ये असलेली मॅग्नेशियमची कांडीदेखील हेच काम करीत असते, आणि ती संपल्यावर बदलावी लागते हे पुष्कळांना माहीत नसते.

तेव्हा धातूच्या बोटीला ट्रान्सड्यूसरचे आवरण प्लास्टिकचे असावे. स्टेनलेस स्टीलचे घ्यावयाचे असेल तर ते आणि बोटीचा पत्रा यांच्या मध्ये विजेला रोखणारे प्लास्टिकचे बुश बसवावे. ‘अलार्म’ नौकेवरील तपकिरी कागदाचे काम आता ते करते. ब्राँझ मात्र नको, विशेषतः ॲल्युमिनियमला तर नकोच. पत्र्याला भोक पाडल्यावर त्याच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात, नाही तर धारदार कड बुश कापते आणि धातूला धातू भिडते. पोलादी ट्रॉलरवर ट्रान्सड्यूसरसाठी तळाला पेटी किंवा नळी वेल्डिंग करून जोडतात. तेथे क्रम महत्त्वाचा. वेल्डिंग पूर्ण होऊन पत्रा थंड झाल्याखेरीज ट्रान्सड्यूसर आत घालू नये. अति उष्णतेने सिरॅमिकचा विद्युत्‌गुणच नष्ट होतो, आणि मग तो नुसता चिनीमातीचा तुकडा उरतो. आणखी एक सावधगिरी सर्व जातींच्या होड्यांना लागू आहे. ज्या होडीच्या विद्युत्‌जोडणीत बॅटरीचे धन टोक इंजिनाच्या धातूला जोडलेले असते, तेथे तळातून आरपार जाणारा धातूचा ट्रान्सड्यूसर वापरू नये. जोडणी तशी आहे की नाही, हे वायरमन दोन मिनिटांत सांगू शकतो.

जागेविषयी थोडक्यात सांगता येईल. हवेचा नियम येथेही चालतो. पंख्याच्या मागे, तळावरील उभ्या पट्ट्यांच्या किंवा पाणी आत घेणाऱ्या तोंडांच्या मागे बुडबुड्यांचा प्रवाह असतो. ट्रान्सड्यूसर त्याच्या पुढे बसवावा. संथ चालणाऱ्या जड होडीत नाळेपासून लांबीच्या सुमारे एक तृतीयांश अंतरावरची जागा बहुधा चांगली. पाण्यावर उचलली जाऊन धावणाऱ्या वेगवान होडीत पुढचा भाग हवेत राहतो, म्हणून तेथे मागचा भाग निवडावा लागतो. ध्वनी सरळ खाली जावयास हवा. होडीचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा उतरता असेल तर तिरप्या कापलेल्या ठोकळ्याचा आधार देतात, किंवा ज्यात स्फटिकच आत कलता बसविलेला आहे असा ट्रान्सड्यूसर घेतात. कंपनसंख्येची निवड ही मासेमारीच्या खोलीवर अवलंबून असते. सेकंदाला दोन लक्ष कंपने करणारा ध्वनी अरुंद झोतासारखा जाऊन बारीक तपशील दाखवितो, परंतु खोल पाण्यात लवकर विरतो. पन्नास हजार कंपनांचा ध्वनी दूर जातो, पण त्याचा झोत रुंद व चित्र ढोबळ. पुष्कळ ट्रान्सड्यूसर दोन्ही काढू शकतात.

हे सर्व काम करण्याचा हंगामही ठरलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावर साधारणतः जून-जुलैत आणि पूर्व किनाऱ्यावर मध्य एप्रिल ते मध्य जून या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात आणि त्यांची डागडुजी चालते. याच काळात घरात हिशेबही होतात. कोळी कुटुंबांत मासळीची विक्री आणि पैशाचा व्यवहार पुष्कळदा स्त्रियांच्या हाती असतो. तेव्हा यंत्राच्या किंमतीविषयी बोलणे चालू असताना ‘होडी नक्की कशाची आहे आणि तळाला आवरण कोणते बसणार’ हा प्रश्न त्यांनीच विचारला तर तो योग्य ठिकाणाहून आला असे होईल. ब्राँझ आणि प्लास्टिक यांच्या किंमतीत जो फरक पडतो, तो होडीच्या किंमतीपुढे नगण्य आहे.

बसविताना पाण्याखालील कामासाठीच तयार केलेले सीलंट वापरावे, न्हाणीघराच्या फरशीसाठी आणलेले उरले आहे म्हणून नव्हे. प्लास्टिकचा नट पान्याने पिळून काढण्याच्या फंदात पडू नये. तो हाताने घट्ट करून वर थोडा आवळला की पुरे. लाकडी होडीत नट आधीच करकचून आवळू नये. होडी पाण्यात एक दिवस राहू द्यावी, फळ्या फुगू द्याव्यात आणि मग शेवटचा पीळ द्यावा. शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तळाला लावण्याचा रंग ट्रान्सड्यूसरवर लावावयाचा असेल तर तो पाण्यात मिसळणारा घ्यावा. कित्येक रंगांतील तीव्र द्रावके प्लास्टिक खातात. होडी कोरड्या जमिनीवर असताना ‘चालते का पाहू’ म्हणून यंत्र सुरू ठेवू नये. तसेच पडद्यावरील आकडा ट्रान्सड्यूसरपासूनचा असतो, पाण्याच्या पृष्ठापासूनचा नव्हे, आणि होडीचा कणा त्याच्याही खाली असतो. हे अंतर एकदा मोजून यंत्रात भरून ठेवावे. नाही तर पडद्यावर पाऊण मीटर पाणी शिल्लक दिसत असतानाच होडी वाळूला टेकलेली असते.

होडी पाण्यात उतरविल्यावर लगेच आतील फळी उचलून भोकाच्या कडेने बोट फिरवून पाहावे. बारीक गळती पहिल्या तासात दिसत नाही. म्हणून त्या रात्री होडी दूर न नेता धक्क्यालाच बांधून ठेवावी, तळाचे साचलेले पाणी पुसून कोरडे करावे आणि पहाटे कंदील किंवा टॉर्च घेऊन पुन्हा पाहावे. तळ कोरडा असेल तर त्या दिवशी जाळे घेऊन निघण्यास हरकत नाही.